पफ फोम पेटू नये म्हणून फॉस्फरस कुठला, किती आणि कसा टाकायचा

"टीसीपीपी किती पार्ट टाकू?" हा प्रश्न पहिल्यांदा डोक्यातून काढा. पफ म्हणजे पॉलियुरेथेनचा कडक (रिजिड) फोम, पॉलिऑल आणि आयसो, म्हणजे आयसोसायनेट, ही दोन द्रव्यं मिसळली की तो फुगतो, टीसीपीपी हे त्यात आग रोखायला टाकायचं फॉस्फरसवालं द्रव, आणि पार्ट म्हणजे वजनी भाग. पफ पॅनेल, पाइप इन्सुलेशन, कोल्ड रूमचे दरवाजे असलं काही बनवणारा नवीन माणूस भेटला की पाच मिनिटांत हाच प्रश्न येतो आणि उत्तरही ठरलेलं असतं, १०० पार्ट पॉलिऑलला १० टाका नाहीतर १५ टाका. मीपण सुरुवातीला असंच करायचो. मग एकदा ब्लोइंग एजंट, म्हणजे फोम फुगवणारा पदार्थ, बदलला, त्याच्या नादात आयसोचं प्रमाण वाढलं, आणि तेच १५ पार्ट टाकलेले असून फोमचा तुकडा काडी लावल्या लावल्या फुलबाजीसारखा भडकला, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. खरा प्रश्न असा की आयसो धरून जो फोम तयार होतो त्यात फॉस्फरस किती टक्के आहे, आणि आग लागल्यावर तो नक्की कुठे काम करणार. पुढचं सगळं ह्या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी हा फोम एवढा का भडकतो ते बघू. ४० किलो डेन्सिटीचा फोम म्हणजे एका घनमीटरला ४० किलो माल, तेच पॉलियुरेथेन भरीव असतं तर १२०० किलोच्या आसपास भरलं असतं, म्हणजे जवळजवळ ९७ टक्के जागा नुसत्या गॅसची. पदार्थ थोडा आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड. त्यात हा फोम इन्सुलेटर, उष्णता आत जाऊच देत नाही, म्हणून तर आपण तो कोल्ड स्टोरेजला लावतो, पण आगीच्या वेळी हाच गुण उलटतो कारण सगळी उष्णता वरच्या पातळ थरातच साचते आणि तो थर काही सेकंदांत तापतो. २०० अंशांच्या पुढे युरेथेनचे बॉन्ड तुटायला लागतात, पॉलिऑलचे तुकडे वाफ होऊन वर येतात आणि ते पेटतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइडही असतो. दक्षिण कोरियातल्या इचॉनला २००८ च्या जानेवारीत कोल्ड स्टोरेजच्या बांधकामात आग लागून ४० माणसं गेली, आणि त्याच इचॉनमध्ये २०२० च्या एप्रिलमध्ये वेअरहाऊसच्या बांधकामावर पुन्हा ३८. दोन्हीकडे युरेथेन फोम होता. आपल्याकडे नाशिकला द्राक्षांची प्रीकूलिंग, तासगाव सांगलीकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, सगळी ह्याच फोमच्या भिंतींवर उभी आहेत, तेव्हा हा विषय लांबचा वगैरे काही नाही.

आता फॉस्फरस करतो काय. गावाकडे चुलीतले निखारे रात्री राखेत पुरून ठेवायचे, सकाळी उकरले की अजून लाल असायचे, आठवतंय? राखेने हवा अडवली म्हणून ते भडकत नाहीत, नुसते धुमसत बसतात. फॉस्फरसचं पहिलं काम असंच. तापल्यावर त्याचं फॉस्फोरिक आणि पॉलिफॉस्फोरिक आम्ल होतं, ते पॉलिऑलमधलं पाणी काढून घेतं आणि उरलेला कार्बन काळा कडक पापुद्रा बनून फोमवर बसतो. इंग्रजीत ह्या पापुद्र्याला चार म्हणतात, शॉपफ्लोअरवर "चार चांगला आलाय" म्हटलं की नवीन पोरगं चार काय चांगले आले म्हणून बघत बसतं, म्हणून मी कोळशी म्हणतो. कोळशी नीट धरली की आतला माल वाफ होऊन बाहेर येत नाही, बाहेरची उष्णता आत जात नाही. दुसरं काम ज्वाळेत होतं. फॉस्फरसचे काही तुकडे वाफेबरोबर वर जातात आणि ज्वाळा चालू ठेवणारे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिलचे रॅडिकल, म्हणजे चटकन रिअॅक्ट होणारे अर्धवट तुकडे, पकडून बसतात. भांडणात तेल ओतणारी दोन टाळकी बाजूला काढली की भांडण आपोआप थंड होतं, तसं. साधारण नियम असा की फॉस्फेट जातीचे पदार्थ कोळशीकडे जास्त झुकतात आणि फॉस्फोनेट ज्वाळेत जास्त काम करतात, पण हे काळं पांढरं नाहीये, बहुतेक सगळे दोन्हीकडे थोडं थोडं करतात. एक लक्षात ठेवा, ज्वाळेत काम करणारा पदार्थ ज्वलन अर्धवट सोडतो, त्यामुळे धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू शकतो. गिऱ्हाइकाला धुराचा आकडा कमी पाहिजे असेल तर नुसत्या ज्वाळेतल्या फॉस्फरसवर विसंबू नका.

पदार्थ निवडताना बाजारात जे मिळतं त्यापासून सुरू करू. टीसीपीपी सगळ्यांना माहितीये, स्वस्त, पातळ, पॉलिऑलमध्ये पटकन मिसळतो, आणि ड्रम बरेच महिने ठेवला तरी फारसा बिघडत नाही. पण ह्यात फॉस्फरस फक्त साडेनऊ टक्के, क्लोरीन मात्र ३२ टक्क्यांच्या वर. म्हणजे लोक फॉस्फरसवालं एफआर (फायर रिटार्डंट, आग रोखणारा पदार्थ) म्हणून जे घेतात त्यातलं बरंचसं काम क्लोरीन करतो, आणि आगीत तोच क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन धुरात येतो. ह्याचाच भाऊ टीसीईपी, तो युरोपात प्रजननाला घातक म्हणून ऑथोरायझेशन लिस्टमध्ये गेलाय, म्हणजे खास परवानगीशिवाय वापर बंद, कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी नको म्हणा. एक्स्पोर्टवाल्यांना हॅलोजन फ्री, म्हणजे क्लोरीन ब्रोमीन नसलेलं, पाहिजे असतं, तिथे टीसीपीपी पण बाद.

हॅलोजन फ्री म्हटलं की पहिलं नाव टीईपी, म्हणजे ट्रायएथिल फॉस्फेट. फॉस्फरस १७ टक्के, आणि पाण्यासारखं पातळ, इतकं की घट्ट पॉलिस्टर पॉलिऑल पंपाला चढत नसेल तर थोडं टीईपी टाकलं की पंप खूश. तोटा असा की हे कशालाच बांधलेलं नसतं, फोममध्ये नुसतं बसून असतं, प्लास्टिसायझरसारखं फोम मऊ करतं, आणि गरम जागी हळूहळू बाहेर पडत राहतं. गरम पाइपच्या इन्सुलेशनला टीईपीवर सगळा भार टाकू नका.

डीएमएमपी नावाचा एक पदार्थ तुम्हाला कोणीतरी दाखवेलच, फॉस्फरस २५ टक्के, थोड्यात काम होतं, आकडे बघून मोह होतो. पण डीएमएमपी, डीईईपी आणि त्यांच्या जातीचे मिथाइल, एथिल, प्रोपाइल फॉस्फोनेट रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या शेड्यूल २ मध्ये येतात, आपल्याकडे त्यासाठी २००० सालचा वेगळा कायदा आहे, ठरावीक प्रमाणाच्या वर बनवलं किंवा वापरलं तर डिक्लरेशन द्यावं लागतं. वर डीएमएमपी जनुकांना धोकादायक पदार्थांत धरलं जातं. छोट्या शेडवाल्याने ह्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि "स्पेशल एफआर लिक्विड" असं नुसतं लेबल लावून येणाऱ्या कॅनची एसडीएस (सेफ्टी डेटा शीट) मागितल्याशिवाय ड्रमला हात लावू नका, मला एकदा एका सप्लायरने, नाव सोडा, एसडीएसच्या जागी ब्रोशर पाठवलं होतं रंगीत, त्यात फोटो होते फुलांचे.

माझ्या आवडीचा पर्याय म्हणजे रिअॅक्टिव्ह फॉस्फरस, म्हणजे ज्याला स्वतःचे ओएच ग्रुप आहेत आणि जो आयसोशी जोडला जाऊन फोमचाच भाग होतो. रिजिड फोममध्ये जुना जाणता आहे तो डायएथिल बिस हायड्रॉक्सीएथिल अमिनोमिथाइल फॉस्फोनेट, नाव घेता घेता चहा गार होतो, बाजारात फायरॉल ६ ह्या नावाने बरेच जण ओळखतात. फॉस्फरस १२ टक्के, ओएच व्हॅल्यू, म्हणजे त्या ओएच ग्रुपचं माप, ४४० च्या आसपास, म्हणजे नेहमीच्या ४५० वाल्या पॉलिऑलच्या जागी तेवढाच टाकला तर आयसोचं गणित जवळजवळ हलतच नाही. ह्याच्यातून काही बाहेर पडत नाही, दोन वर्षांनीपण फॉस्फरस जागेवरच. पण एक खोच आहे आणि ती बरेच जण विसरतात. ओएच व्हॅल्यू सारखी असली तरी ह्याला आयसो पकडणारे हात, म्हणजे ओएच ग्रुप, दोनच, साखरेवर बनलेल्या पॉलिऑलला चार साडेचार असतात. हात कमी म्हणजे जाळी सैल. वीस पंचवीस पार्टच्या पुढे गेलात की फोम उन्हात आकसायला लागतो, आगीतून उठून फुफाट्यात. शिवाय ह्याच्यात स्वतःचा अमाइन आहे, रिअॅक्शन थोडी लवकर सुरू होते, कॅटॅलिस्ट त्या हिशोबाने उतरवून बघा.

घन पदार्थांत अमोनियम पॉलिफॉस्फेट, आपण एपीपी म्हणतो. फॉस्फरस ३१-३२ टक्के, नायट्रोजन १४-१५, ऐकायला एकदम भारी. फेज टू वालाच घ्या, फेज वन पाण्यात जास्त विरघळतो. पण हे पावडर आहे, पॉलिऑल घट्ट करतं, ड्रमच्या तळाशी बसतं, स्टरर बंद ठेवून जेवायला गेलात की आल्यावर वरचा माल वेगळा आणि खालचा वेगळा. मिक्सिंग हेडचे नोझल घासतात ते वेगळंच. लाल फॉस्फरसपण वापरला जातो, फॉस्फरसचं प्रमाण अर्थातच सगळ्यात जास्त, पण रंग लाल, हाताळणी नाजूक, कोटिंग केलेलाच घ्यावा लागतो, छोट्या ठिकाणी नकोच. एक्सपांडेबल ग्राफाइट हा फॉस्फरस नाही पण फॉस्फरसचा जोडीदार म्हणून फार कामाचा, २०० अंशांच्या आसपास तो किड्यासारखा फुगतो आणि फोमवर गादी पसरवतो. एकटा असला की ती गादी भुसभुशीत असते, वाऱ्याने उडते, सोबत फॉस्फेट असलं की कोळशी तिला चिकटून धरते. फ्लेक मोठा पाहिजे, आणि हाय प्रेशर मशीनमध्ये फ्लेकचा चुरा होतो म्हणून बहुतेक लॅबमध्येच छान रिझल्ट देतो आणि लाइनवर नाक कापतो. आणि हो, एकदा उघडलात की शर्ट, टेबल, मोबाइल, डब्यातली पोळी, सगळं काळं.

आता हिशोब. हा भाग कंटाळवाणा वाटतो पण सगळी गंमत इथेच आहे, वही घ्या. धरा पॉलिऑल १०० पार्ट, ओएच व्हॅल्यू ४५०. पाणी दीड पार्ट, सिलिकॉन (बुडबुडे बारीक ठेवणारा) २, कॅटॅलिस्ट २, सायक्लोपेंटेन १२. पॉलिऑलची इक्विव्हॅलंट, म्हणजे आयसोशी जोडायच्या जागांचा हिशोब, काढायला १०० गुणिले ४५० भागिले ५६१००, आलं ०.८०. पाण्याची काढायला दीड भागिले ९, आलं ०.१७. बेरीज ०.९७. इंडेक्स, म्हणजे हिशोबाने १०० आयसो लागत असेल तिथे प्रत्यक्षात किती टाकला तो आकडा, ११० धरला तर १.१ ने गुणा, १.०७ होतं. आयसो म्हणून वापरतो त्या पॉलिमरिक एमडीआयचा एनसीओ (त्याचा जोडला जाणारा ग्रुप) ३१ टक्के असेल तर त्याचं इक्विव्हॅलंट वेट ४२०० भागिले ३१ म्हणजे साधारण १३५.५. दोन्हीचा गुणाकार १४४ पार्ट आयसो. आता १५ पार्ट टीसीपीपी टाकलं तर एकूण माल २७६ पार्टच्या वर जातो, आणि त्यात फॉस्फरस फक्त १.४ पार्ट. म्हणजे तयार फोममध्ये अर्धा टक्का. अर्धा टक्का, बस्स. नुसत्या फॉस्फरसवर, हॅलोजनच्या मदतीशिवाय, काडी काढल्यावर आपोआप विझणारा रिजिड फोम पाहिजे असेल तर जुन्या तक्त्यांमध्ये दीड टक्क्याच्या आसपासचा आकडा सापडतो, आणि माझाही अनुभव तिथेच येतो. म्हणून टीसीपीपीचं काम खरं म्हणजे क्लोरीनवर चाललेलं असतं हे वर म्हटलं ते.

मग तोच दीड टक्का हॅलोजन फ्री कसा गाठायचा. सगळं टीईपीने करायला गेलात तर २५ पार्ट लागतात, एवढ्यात फोम खोबऱ्याच्या वडीसारखा मऊ पडतो. म्हणून दोन वाटे करा. १०० पैकी २० पार्ट पॉलिऑल काढून रिअॅक्टिव्ह फॉस्फोनेट टाका, त्यातून फॉस्फरस मिळतो २.४ पार्ट. वर १० पार्ट टीईपी, त्यातून १.७. बेरीज ४.१. एकूण माल २७१ पार्टच्या थोडा वर. भागलं की दीड टक्का. एक कोळशीकडे झुकणारा, एक ज्वाळेकडे झुकणारा, एक बांधलेला, एक मोकळा, आणि कोणाचंच प्रमाण डोक्यावर बसत नाही. माझी सुरुवातीची रेसिपी नेहमी इथूनच निघते, पुढे तुमच्या पॉलिऑलप्रमाणे हलवा. पाण्यातून निघणारा थोडा कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तो फरक ह्या हिशोबात सोडून द्यायला हरकत नाही.

पार्टवर का जाऊ नये ते आता कळेल. हेच १५ पार्ट टीसीपीपी ठेवून इंडेक्स २५० केला, तर आयसो १४४ वरून ३२८ पार्टच्या आसपास जातो आणि फॉस्फरसचा टक्का तीन दशांशावर येतो. कागदावर एफआर तेवढंच, फोममध्ये जवळपास चाळीस टक्के कमी. ब्लोइंग एजंटचंही तसंच. भारतात १४१बी हा जुना ब्लोइंग एजंट १ जानेवारी २०२० पासून बंद झाला, त्याच्यात स्वतःचा क्लोरीन होता आणि तो पेटायलाही आळशी, त्याच्या जागी सायक्लोपेंटेन आलं जे सरळ सरळ इंधन आहे आणि फोमच्या सेलमध्ये, म्हणजे बारीक कप्प्यांत, बसून राहतं. जुन्या सिस्टिमचं एफआर तसंच पुढे ओढलं आणि ब्लोइंग एजंट तेवढा बदलला, मी सुरुवातीला सांगितलेली फुलबाजी तीच होती.

कप टेस्ट, म्हणजे कपात थोडा माल फुगवून बघणं. पॉलिऑल साइडचं सगळं, एफआर धरून, आधी एका भांड्यात तासभर नीट मिसळा आणि थोडा वेळ ठेवा, थर वेगळे होतायत का, गढूळ होतंय का ते बघा. वेगळं झालं तर पुढे जायचंच नाही, आधी पॉलिऑल किंवा सिलिकॉन बदला. सायक्लोपेंटेनचा फ्लॅशपॉइंट शून्याच्या ३७ अंश खाली आहे, जवळ साधा स्विच, मोबाइल चार्जर, ब्रशवाली ड्रिल मशीन काही चालणार नाही, अशी सोय नसेल तर ट्रायल सरळ नुसत्या पाण्याने फुगणाऱ्या सिस्टिमवर करा, पण मग आयसोचा हिशोब पुन्हा मांडा. माल आणि आयसो दोन्ही २० ते २५ अंशांवर आणा. हे मुद्दाम लिहितोय कारण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ड्रम ४० अंशांवर उभा असतो, क्रीम टाइम, म्हणजे माल फुगायला लागेपर्यंतचा वेळ, निम्म्यावर येतो आणि आपण बसतो एफआरला दोष देत. वरच्या रेसिपीत १०० ग्रॅम मालासाठी ४७ ग्रॅम पॉलिऑल साइड आणि ५३ ग्रॅम आयसो. २००० च्या वर आरपीएमला आठ दहा सेकंद फिरवा आणि घड्याळ लावून क्रीम, जेल (काडी लावली की तार सुटते ती वेळ), टॅक फ्री (वरचा चिकटपणा जातो ती वेळ), तिन्ही वेळा लिहा. शेजारी एफआर नसलेला कप त्याच दिवशी, त्याच ड्रममधून करा. कालचा चालत नाही.

जाळायच्या तुकड्यांसाठी कप पुरत नाही, २५ सेंटिमीटरची चौकोनी लाकडी पेटी घ्या, आत कागद लावा, साधारण साडेपाचशे ग्रॅम माल ओता. मोठा ब्लॉक ओतायचा मोह टाळा, पाणी जास्त असलेल्या ब्लॉकचा गाभा दीडशे अंशांच्या वर जाऊ शकतो, आतून करपतो, कधी कधी स्वतःच धुमसायला लागतो, आणि तिथे तुमचा दीड टक्का फॉस्फरस काही वाचवत नाही. ताजे ब्लॉक एकावर एक रचू नका, मध्ये हवा जाऊ द्या, रात्री कोणीतरी बघायला पाहिजे.

दोन दिवस पिकू द्या. मग बाहेरची साल काढून गाभ्यातून १५० बाय ५० बाय १३ मिलिमीटरचे तुकडे कापा, प्रत्येक रेसिपीचे पाच तरी, सगळे एकाच दिशेने, म्हणजे फोम चढला त्या दिशेने. वजन लिहा. एका टोकापासून २५ आणि १२५ मिलिमीटरवर पेनाने रेघ मारा. तुकडा आडवा जाळीवर ठेवून टोकाला बर्नरची ज्योत एक मिनिट लावा, काढा, घड्याळ लावा. ज्वाळा दुसऱ्या रेघेपर्यंत गेली का, किती सेकंदांत विझली, विझल्यावर आत धुमसत राहिलं का, ठिणग्या उडाल्या का, कोळशी बोटाने दाबली की चुरा होते की टिकते, आणि वजन किती घटलं. हे सगळं धूर ओढणाऱ्या हूडखालीच, घरी, गच्चीवर, गोडाऊनच्या दारात अजिबात नाही, धुरात सायनाइड आहे हे वर लिहिलंय. वाळूची बादली शेजारी पाहिजे. आणि ही आपली तुलनेपुरती चाचणी आहे, सर्टिफिकेट नाही.

ह्या चाचणीत सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट म्हणजे कापलेली कोळशी. तुकडा विझला की मधोमध कापून बघा. चांगल्या फॉस्फरसवाल्या फोममध्ये वर दोन चार मिलिमीटर काळा कडक थर आणि खाली लगेच पिवळसर चांगला फोम, मध्ये तपकिरी पट्टा अगदी बारीक. विझलाय पण आत सगळा तपकिरी मऊ झालाय, तर तुमचा फॉस्फरस ज्वाळेत काम करतोय, कोळशी धरत नाहीये, मोठी आग आली की हा फोम उघडा पडणार. तेव्हा एफआर वाढवत बसण्यापेक्षा पॉलिऑल बदला. सॉर्बिटॉल, साखरेच्या पॉलिइथरपेक्षा अॅरोमॅटिक पॉलिस्टर पॉलिऑल कोळशी जास्त देतो, पेट (पीईटी) प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेलापण मिळतो. निम्मा जरी बदलला तरी कापलेल्या तुकड्यात फरक डोळ्यांना दिसतो. फॉस्फरसला कोळसा करायला कार्बन पाहिजे, कार्बनच वाफ होऊन गेला तर तो काय करणार बिचारा.

इंडेक्स वाढवून पीआयआर, म्हणजे पॉलिआयसोसायन्युरेट फोमकडे जाणं हा दुसरा रस्ता, २५० च्या पुढे, पोटॅशियम ऑक्टोएटसारखा ट्रायमर कॅटॅलिस्ट (तीन तीन आयसोची रिंग जोडणारा) लावून. आयसोसायन्युरेटची रिंग ३०० अंशांच्या पुढेपर्यंत टिकते, म्हणून टक्का कमी असूनही पीआयआर चांगला वागतो, फॉस्फरस तिथे मदतनीस. पण प्रेस गरम पाहिजे, ६० अंशांच्या आसपास, नाहीतर पत्र्याजवळचा थर कच्चा राहतो, फोम ठिसूळ होतो, पत्रा सोलून निघतो. थंड प्रेसवर पीआयआर करून बघणारे खूप भेटतात, शेवटी पीयूवर, म्हणजे साध्या पॉलियुरेथेनवर, परत येतात.

नेहमीच्या तक्रारी सांगतो. फोम दुसऱ्या दिवशी आकसला, तर मोकळं एफआर जास्त झालंय किंवा दोन हातांचा फॉस्फोनेट जास्त झालाय, आधी ते कमी करा, डेन्सिटी वाढवणं हा शेवटचा उपाय. सेल मोठे आणि वरवर फुटलेले दिसले, तर टीईपी किंवा टीसीपीपीने सिलिकॉनचं काम बिघडवलंय, सिलिकॉन अर्धा पार्ट वाढवा. ताज्या ड्रमवर सगळं छान आणि महिन्याने क्रीम टाइम लांबला, तर फॉस्फरसच्या एस्टरचं पाण्याने थोडं थोडं विघटन होऊन आम्ल तयार होतंय आणि ते अमाइन कॅटॅलिस्ट खातंय. फॉस्फाइट जातीच्या पदार्थांत हे फार लवकर होतं, टीईपी टीसीपीपीत कमी, तरी गरम शेडमध्ये ठेवलेला प्रीमिक्स, म्हणजे आधीच मिसळून ठेवलेली पॉलिऑल साइड, दर आठवड्याला एक कप करून तपासाच. एचएफओ ब्लोइंग एजंट असेल तर तोही काही अमाइनशी भांडतो, म्हणजे क्रीम टाइम लांबला की दोन संशयित, पकडायला एकदा एफआरशिवायचा प्रीमिक्स बाजूला ठेवून बघा.

आणि माणसांची काळजी. आयसोची वाफ आणि स्प्रे एकदा का छातीला लागला की काही लोकांना कायमची अॅलर्जी होते, पुढे अगदी थोड्या वासानेही दम लागतो. कागदी मास्क काही कामाचा नाही, योग्य कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे, गॉगल, वाफ ओढणारा पंखा चालू. एपीपी, ग्राफाइट टाकताना धुळीचा मास्क वेगळा.

लहान ज्योतीत पास झालेला फोम खऱ्या आगीत पास होईलच असं नाही, म्हणून शेवटी बाहेरची लॅब लागतेच. ऑक्सिजन इंडेक्स, म्हणजे जळत राहायला किती टक्के ऑक्सिजन लागतो तो आकडा, पटकन होतो, साध्या फोमचा १८-१९ येतो, हवेतला ऑक्सिजन २१, एफआरने तो २२ ते २६ मध्ये नेता येतो, पण २१ च्या वर गेला म्हणजे जळत नाही असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. कोन कॅलरीमीटर मिळाला तर सोनं, उष्णता किती वेगाने सुटते ते कळतं, चौरस मीटरला ५० किलोवॉटवर करून घ्या. आपल्याकडे रिजिड पीयू पीआयआर इन्सुलेशनचं जुनं स्टँडर्ड आयएस १२४३६, १९८८ सालचं, टेंडरमध्ये बहुतेक तेच असतं, शिवाय ज्वाळा किती पसरते ते बघणारे बीएस ४७६ चा भाग ७ किंवा एएसटीएम ई८४ पण मागतात. टेंडर नीट वाचा, एका टेस्टचा रिपोर्ट दुसऱ्याच्या जागी चालत नाही. लॅबला नुसता फोम न पाठवता पत्रा आणि जॉइंटसकट पॅनेल पाठवता आलं तर पाठवा, कारण आग पत्र्यातून येत नाही, जॉइंटच्या फटीतून आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकातून येते. रुरकीच्या सीबीआरआयमध्ये (केंद्रीय भवन संशोधन संस्था) आगीच्या चाचण्यांची जुनी लॅब आहे, एनएबीएलची मान्यता असलेल्या खासगी लॅबही आहेत, पण मान्यतेच्या स्कोपमध्ये तुमची टेस्ट आहे का ते आधी विचारा.

प्रत्येक पास झालेल्या रेसिपीचा एक ब्लॉक मार्करने तारीख, बॅच आणि फॉस्फरसचा टक्का लिहून कपाटात ठेवा, सहा महिन्यांनी त्यातूनच तुकडा कापून पुन्हा जाळा. टीईपी किती टिकला ते तिथे दिसतं. आणि माल साइटवर गेला की फिटरला सांगा पॅनेल जिगसॉने कापायचं, ग्राइंडर लावायचा नाही, त्याच्या ठिणग्या उघड्या फोमवर पडतात आणि पत्र्याच्या कडेचं कोटिंगपण जळून पहिल्या पावसाळ्यात गंज धरतो. पॅनेलला लागून वेल्डिंग निघालंच तर आधी फोमची उघडी कड पत्र्याने झाका, शेजारी आग विझवायचा सिलिंडर आणि एक माणूस उभा करा, आणि काम संपल्यावर त्या माणसाला लगेच चहाला पाठवू नका, अर्धा तास तिथेच बसवा.